आज्ञा कुणाला दिली होती?

माझ्या चुलतभावाने गेल्या महिन्यात काकांची तसबीर भिंतीवरून उतरवली. चंदनाच्या हारासकट. मग मोकळ्या खिळ्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली पवित्र शास्त्रातल्या निर्गम पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातली आज्ञा लिहिली, निर्गम 20: 'कोरीव मूर्ती करू नको.' एवढ्यावर थांबला असता तर मी बोललोही नसतो. वडील त्याचे, भिंत त्याची. पण त्याने लगेच खानापूरच्या आत्याला विचारलं, तुझ्या कोनाड्यातल्या मरियामातेचं काय करणार? आत्या लग्न होऊन कॅथलिक घरात गेली. रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे मरियेची जपमाळ, म्हणते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिने नुसतं हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. त्यावर हा म्हणतो, "हात कुणापुढे जोडतेस ते बघ."

मी तेव्हा इथे नेदरलँड्समध्ये, उट्रेक्टला, आल्बर्ट हाइन नावाच्या सुपरमार्केटच्या रांगेत उभा होतो. तिथूनच उत्तर लिहायला घेतलं आणि अजून माझं लिहून होत नाही.

आज्ञेशी माझं भांडण नाही. आम्ही बेळगावचे मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट. समोर मेज, मेजावर पवित्र शास्त्र, मागे मोकळा क्रूस. धूप नाही, हार नाही. भक्ती देवाची, वस्तूची नव्हे, हे आमचं बाळकडू. पण निर्गम वाचायचं तर विसाव्या अध्यायाला पुस्तक मिटून कसं चालेल? पाचच अध्याय पुढे तोच देव मोशेला कराराच्या कोशाच्या, म्हणजे पवित्र पेटीच्या, झाकणावर सोन्याचे दोन करूब, पंखवाले देवदूत, घडवायला सांगतो. रानात लोक सर्पदंशाने मरायला लागले तेव्हा पितळेचा साप करून खांबावर लावायलाही तोच सांगतो. पुढे लोक त्या सापापुढे धूप जाळायला लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. साप तोच होता. बिघडली होती ती बघणाऱ्यांची नजर.

787 साली चर्चच्या धर्मगुरूंच्या निकीयाच्या दुसऱ्या परिषदेने यातून वाट काढली: आराधना एकट्या देवाची, चित्रामूर्तींना फक्त मान, आणि तोही ज्याचं चित्र त्याला पोचतो. आत्याने या परिषदेचं नावही ऐकलं नसेल, पण विचारलंत तर ती हेच सांगेल. मला ही वाटणी पूर्ण पटते असं नाही. आत्याकडे तेर्स सुरू झाली की मी ओसरीवर जाऊन बसायचो. पण ओसरीवर बसणं वेगळं आणि आत जाऊन कोनाडा रिकामा करणं वेगळं.

कोनाडे रिकामे केलेल्या गावातच मी राहतो. उट्रेक्टच्या डोमकेर्क या जुन्या मोठ्या चर्चमध्ये एक दगडी शिल्प आहे, मरियेच्या आईचं, संत अॅनाचं. सोळाव्या शतकात इथल्या प्रोटेस्टंटांनी मूर्ती फोडल्या, त्यात याचेही चेहरे छिन्नीने उडवले. मग ते भिंतीआड गेलं आणि 1919 मध्ये सापडलं. वस्त्रांच्या चुण्या शाबूत, रंगसुद्धा टिकलेला. चेहऱ्यांच्या जागी नुसता खरबरीत दगड. फोडणाऱ्यांनाही निर्गम 20 तोंडपाठ होतं. देव मूर्तीत नाही हे त्यांचं खरंच होतं. पण मूर्ती गेल्या म्हणून देव त्या मोकळ्या जागेत येऊन बसला, असं काही मला इथल्या रविवारी दिसत नाही. मरियेच्या नावाचं एक जुनं कॅथलिक चर्च आता बेल्जियन बिअरचं कॅफे आहे. ऑफिस सुटल्यावर आम्ही तिथेच जातो, बिल वाटून घ्यायला एकमेकांना मोबाइलवर टिकी पाठवतो, सायकली सोडवतो, घरी. (दारूला नाक मुरडणाऱ्या मेथडिस्ट मंडळींनी हे वाक्य वगळावं.)

भाऊ म्हणाला, "दादा, तू तिथे बसून शहाणपण शिकवू नकोस." आणि मग त्याने हुकमाचं पान टाकलं: मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पद्मनजी. 1831 साली आपल्याच बेळगावात कासारांच्या घरी जन्मलेला माणूस, 1854 साली बाप्तिस्मा घेतला, देव सोडले, तेव्हा त्याने कुणाची भीड ठेवली का? नाही ठेवली, बाबा. पण पद्मनजींनी स्वतःचे देव सोडले आणि त्याची किंमतही स्वतः मोजली. तू आत्याचे सोडवायला निघालास.

आणि कोणत्या दिवसांत? कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते डिसेंबर 2021 मध्ये, आपल्याच गावात, बेळगावच्या सुवर्णसौध या विधानभवनात. पुढच्या सरकारने 2023 मध्ये कायदा मागे घ्यायचं ठरवलं, पण घरातल्या प्रार्थनेला चार बाहेरची माणसं आली तर शेजारी काय म्हणतील, हा धसका कुठे गेला? त्याच डिसेंबरात बंगळुरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली आणि बेळगावातल्या अनगोळला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाचा पुतळा फोडला. पुतळ्याला धक्का लागला की दुकानांची शटर पडतात, अशा गावात 'मूर्तिपूजक' हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्याचं मला नवल वाटतं. आई गल्लीतल्या गणपतीची वर्गणी देते आणि नाताळात त्याच घरांत करंज्या पाठवते. यात तिचा विश्वास तसूभरही हलल्याचं मला दिसलं नाही. इथे कुणी वर्गणी मागत नाही, करंज्याही मागत नाही. सहनशील आहेत म्हणून की कुणाला पडलेलीच नाही म्हणून, देव जाणे.

कलस्सैकरांच्या पत्रात पौल लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो. म्हणजे मूर्तीला दगड लागतोच असं नाही. आमच्या इंग्रजी उपासनेला धारवाडची एक बाई येते. एकदा चहाच्या वेळी ती सहज म्हणाली, सीमावादाच्या महाजन आयोगाने 1967 मध्येच बेळगाव कर्नाटकाला दिलं, आता काय उरलंय? मी जो तापलो! पवित्र आत्म्याविषयी कुणी काही बोललं तरी मी इतका तापत नाही. मेळावे, मोर्चे, 1 नोव्हेंबरचा काळा दिन, सगळं एका दमात ऐकवलं. पुढच्या प्रभुभोजनाला ती माझ्या शेजारी उभी होती. हातात भाकर, आणि डोक्यात महाजन आयोग. ती भाकर मला नीट खाता आली नाही. पासपोर्ट डच करून घेण्याचा फॉर्म वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडून आहे, तोही याच मूर्तीपायी.

भावाला हे सगळं लिहिलं. त्याने उत्तर दिलं नाही. त्याच्या मोटारसायकलच्या टाकीवर बेळगावसकट महाराष्ट्राचा नकाशा चिकटवलेला आहे. तसबीर उतरली तरी तो उतरलेला नाही. उतरू नये, असंच मला वाटतं. का, ते मात्र मला पवित्र शास्त्रातून दाखवता येत नाही.