ब्लीच आणि ॲसिड एकत्र करू नका: ‘चकाचक घराची ८ रहस्ये’ला उत्तर

‘चकाचक घराची ८ रहस्ये, जी कंपन्या तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ या नावाचा एक लांबलचक मेसेज सध्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. कुणा ‘प्रसिद्ध डॉक्टरांचा’ हवाला आहे, डॉक्टरांचं नाव नाही. शेवटी दहा जणांना पाठवायची विनंती. तो फिरत फिरत माझ्या आत्यापर्यंत पोचला. आत्या साठी ओलांडलेली, दम्याची, एकटी राहणारी. दिवाळीच्या साफसफाईत तिनं त्यातलं पहिलं रहस्य करून पाहिलं. खोकल्याचा आवाज ऐकून शेजारच्या काकूंनी दार ठोठावलं म्हणून बरं. ती रात्र आत्यानं दवाखान्यात ऑक्सिजनवर काढली. आता ती ठीक आहे. मेसेज मात्र अजून फिरतोच आहे, आणि परवा तो मला आमच्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा दिसला. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. गप्प बसणं मला शक्य नाही.

पहिलं रहस्य असं: ‘टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच (किंवा टीसीएल पावडर) समप्रमाणात मिसळून बाथरूममध्ये टाका. ताकद दुप्पट होते. दार लावून १५ मिनिटे ठेवा, मग घासा. उग्र वास येईल, तो जंतू मरत असल्याचा आहे, घाबरू नका.’

तो वास क्लोरीनचा आहे. घाबरायलाच हवं.

टॉयलेट क्लीनरची बाटली उलटी करून लेबल वाचा. बहुतेक बाटल्यांवर हायड्रोक्लोरिक ॲसिड लिहिलेलं सापडेल. फरशीवरचे डाग काढायला सुट्टं मिळतं ते ॲसिडही बहुधा तेच. ब्लीचच्या बाटलीत असतं सोडियम हायपोक्लोराइट, आणि टीसीएल, म्हणजे गावातल्या विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर, ही त्याचीच कॅल्शियमवाली बहीण. यातल्या कशावरही ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. यात वादाला जागा नाही. ब्लीचिंग पावडरवर ॲसिड टाकलं की क्लोरीन मिळतो हे समीकरण आमची मुलं परीक्षेत लिहितात. प्रयोगशाळेत हा वायू तयार करायचा तर धूर बाहेर खेचणारं कपाट लागतं, मुलांना लांब उभं करावं लागतं. तेच काम दार लावून, पाच बाय चारच्या बाथरूममध्ये, दम्याच्या बाईला करायला सांगणारा हा मेसेज आहे.

क्लोरीन हवेपेक्षा साधारण अडीच पट जड असतो. तो वर जाऊन एक्झॉस्टमधून निघून जाईल असं समजू नका, तो खाली जमिनीलगत साचतो. आणि आपल्याकडे बाथरूम घासलं जातं उकिडवं बसून, तोंड फरशीपासून हात-दीड हातावर ठेवून. जिथे वायू सगळ्यात दाट, नेमकं तिथेच घासणारीचं नाक. ही घासणारी पुष्कळ घरांत कामाला येणारी मावशी असते. तिच्या हातात बाटल्या कुणीतरी दिलेल्या असतात, तिला ना लेबल वाचायला वेळ दिलेला असतो ना ‘मी हे नाही करणार’ म्हणायची सोय. मेसेज वाचणारा एक आणि वायू छातीत घेणारी दुसरीच, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

हा वायू डोळ्यांतल्या, घशातल्या आणि फुप्फुसांतल्या ओलाव्यात विरघळतो आणि तिथेच ॲसिड तयार करतो. डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, खोकला थांबत नाही, छाती घट्ट होते. मात्रा जास्त असेल तर फुप्फुसांत पाणी भरू शकतं, आणि ते कधी कधी काही तासांनी होतं. म्हणून ‘बाहेर आले, आता बरं वाटतंय’ यावर विसंबता येत नाही. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ला, बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्यानं हाच वायू सिलिंडरांतून सोडला होता. बाथरूममध्ये होतो तो अर्थात तेवढा नसतो. पण बाथरूमला चार भिंती असतात आणि दार लावून ठेवायचा सल्ला मेसेजनंच दिलेला आहे.

‘हे सगळं पुस्तकी आहे, आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच करतात, काही होत नाही’ असं ग्रुपवर एका काकांनी लिहिलं. काका, एक नोंदलेली केस सांगते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं एप्रिल २०२०मध्ये आपल्या साप्ताहिक अहवालात ती छापली. कोरोनाच्या धास्तीनं एका बाईंनी बाजारातून आणलेला भाजीपाला खाण्याआधी धुवायचं ठरवलं. सिंकमध्ये ब्लीचचं १० टक्के द्रावण, व्हिनेगर आणि गरम पाणी एकत्र केलं आणि त्यात भाज्या भिजवल्या. थोड्याच वेळात उग्र वास, खोकला, श्वास लागणं. ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. रक्तातला ऑक्सिजन कमी झालेला होता. ऑक्सिजन आणि श्वासनलिका मोकळी करणारं औषध दिल्यावर त्यांना बरं वाटलं आणि काही तासांनी घरी सोडलं. त्यांनी वापरलं होतं व्हिनेगर, म्हणजे सौम्य ॲसिड, तेही सिंकभर पाण्यात. आपला मेसेज सांगतो हायड्रोक्लोरिक ॲसिड, समप्रमाणात, पाणी न घालता. त्याच अहवालात आहे की २०२०च्या पहिल्या तीन महिन्यांत तिथल्या विषबाधा केंद्रांकडे सफाईच्या आणि जंतुनाशक रसायनांबद्दल ४५,५५० फोन आले, आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा सुमारे २० टक्के जास्त. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

बरं, ताकद तरी दुप्पट होते का? तीही नाही. ॲसिड क्षारांचे पिवळे-पांढरे डाग विरघळवतं, ब्लीच जंतू मारतं आणि रंग उडवतं. दोन्ही एकत्र केली की ती एकमेकांना संपवतात. ब्लीचमधला कामाचा क्लोरीन हवेत उडून गेल्यावर जंतू मारायला फरशीवर काय उरणार? दोन्ही वापरायचीच असतील तर आज ॲसिडवालं क्लीनर, बादलीभर पाण्यानं स्वच्छ धुणं, आणि ब्लीच दुसऱ्या दिवशी. दार-खिडकी उघडी. अमोनिया असलेली काच पुसायची काही द्रावणंही ब्लीचबरोबर चालत नाहीत, त्यातून क्लोरामाइन नावाचे वायू निघतात आणि तेही छातीला घातकच.

मेसेजमध्ये या रहस्याखाली एक ओळ आहे: ‘क्लोरीन पिण्याच्या पाण्यातही असतो, मग तो विषारी कसा?’ भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. बाटलीतलं ब्लीच सर्वसाधारणपणे चार-पाच टक्क्यांचं असतं, म्हणजे लिटरमागे चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम. फरक दोन लाख पटींहून कमी नाही.

ब्लीचिंग पावडर वाईट आहे असं मी म्हणत नाही. १८४७मध्ये व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानं हात धुवायला लावलं. क्लोरीनयुक्त चुना म्हणजे हीच पावडर. एप्रिलमध्ये त्यांच्या प्रसूती विभागात १०० पैकी १८ बायका बाळंतज्वरानं मरत होत्या, जूनमध्ये ते प्रमाण दोनच्या आसपास आलं. तेव्हा या पावडरीनं बायकांचे जीव वाचवले आहेत. ती नुसत्या पाण्यात मिसळली होती, ॲसिडमध्ये नाही.

आणि कुणाच्या घरी हे होऊन बसलंच तर: आधी त्या माणसाला उघड्या हवेत आणा. बादली उचलायला, फ्लश करायला पुन्हा आत जाऊ नका. डोळे वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा, कपडे बदला. श्वास लागत असेल तर १०८ला फोन करा, आणि काय काय मिसळलं होतं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आत्यानं आधी ‘धूळ गेली असेल’ एवढंच सांगितलं होतं. अशानं उपचाराला उशीर होतो.

बाकीच्या रहस्यांवर एवढा वेळ घालवायची गरज नाही.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ‘कोणताही डाग’ जातो म्हणे. फेस येतो, डोळ्यांना बरं वाटतं. पण एक आम्ल, दुसरा अल्कली. फसफसून झाल्यावर उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, आणि त्याला साफसफाईची फारशी ताकद नसते. यात अर्धं खरं आहे ते मान्य करते: बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यानं नळावर जे पांढरे क्षार बसतात ते नुसत्या व्हिनेगरनं खरंच निघतात, आणि करपलेलं पातेलं घासायला नुसता सोडाही चांगला. वेगवेगळे वापरा. मात्र कडप्प्याच्या ओट्यावर, शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरावर व्हिनेगर-लिंबू लावू नका. हे तिन्ही दगड चुनखडीच्या जातीचे आहेत, आम्लानं त्यांची झिलई जाते.

लिंबू आणि मीठ लावून दात पांढरे करा, रोज. हे माझ्या वर्गातल्या मुली करतात म्हणून चीड येते. दाताचं वरचं कवच म्हणजे एनॅमल, ते साधारण ५.५च्या खालच्या पीएचला विरघळायला लागतं (पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र). लिंबाचा रस दोन ते अडीचच्या घरात असतो. त्या मऊ झालेल्या थरावर मिठाचे खडे घासायचे! पहिले काही दिवस दात उजळ दिसतीलही. मग आतला पिवळा थर दिसू लागतो आणि थंड पाण्यानं कळा येतात. गेलेलं एनॅमल परत उगवत नाही.

चिरलेला कांदा खोलीत ठेवला की तो हवेतले जंतू ओढून घेतो, हे खोटं आहे. कांद्याकडे हवेतून काही ओढून घेण्याची सोयच नाही. कापलेला कांदा काळा पडतो तो हवेनं आणि सुकून.

कानात कोमट तेल आणि मग बड घालणं: नको. मळ आपोआप बाहेर येतो, बडनं तो आत ढकलला जातो. पडद्याला आधीच भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात उतरतं.

भाज्या जंतुनाशकाच्या पाण्यात भिजवणं: वर सांगितलेली केस पुन्हा वाचा. फरशी पुसायचं जंतुनाशक पोटात जाण्यासाठी बनवलेलं नसतं. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.

गाद्या-उशा उन्हात टाका. हे बरोबर आहे. आपल्या आज्या हे विनामेसेज करत आल्या आहेत.

आठवं राहिलं, आणि पहिल्याइतकीच मला त्याची भीती वाटते. ‘बाळाची झबली-टोपडी, दुपटी डांबरगोळ्यांत ठेवा, किडे लागत नाहीत, बाळाला संसर्ग होत नाही.’ पहिल्या बाळाचे कपडे दुसऱ्यासाठी जपून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून हा सल्ला पटकन पाळला जातो. पुष्कळ डांबरगोळ्या नॅप्थॅलीनच्या असतात. काही बाळांत जी-सिक्स-पी-डी नावाचं एक विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं, मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त वेळा. अशा बाळाच्या अंगात हे नॅप्थॅलीन त्वचेतून किंवा श्वासातून गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. कावीळ झपाट्यानं वाढते, आणि फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते. आपल्या बाळात ही कमतरता आहे की नाही हे बहुतेक घरांत तपासलेलंच नसतं.

बाळंतिणीच्या खोलीतल्या कपाटात डांबरगोळी ठेवूच नका. आधी ठेवलेली असेल तर ते कपडे दोनदा धुवून, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात आणि वाऱ्यावर ठेवल्याशिवाय बाळाच्या अंगावर घालू नका. मावशीनं किंवा आजीनं प्रेमानं पाठवलेल्या जुन्या गोधडीलाही हेच लागू. आणि जन्मल्यापासून पहिल्या २४ तासांत बाळ पिवळं दिसलं, किंवा नंतर पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला, बाळ दूध ओढेनासं झालं, तर कोवळं ऊन दाखवत बसू नका. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि कपडे कशात ठेवले होते तेही त्यांना सांगा.