शंभरीचं औषध मेडिकलमध्ये नाही, मटकीच्या मोडात बघा

जपानमधल्या १६० शतायुषींच्या विष्ठेत एक खास पित्ताम्ल (पित्तातलं, चरबी पचवायला मदत करणाऱ्या आम्लांच्या कुळातलं) जास्त सापडलं, ही २०२१ची गोष्ट. २०२४च्या अखेरीस चीनच्या झियामेन विद्यापीठानं लिथोकोलिक आम्ल हे त्याच कुळातलं पित्ताम्ल देऊन म्हाताऱ्या उंदरांच्या स्नायूंत जोर आणला. झालं, लगेच ‘कॅप्सूल कुठं मिळते?’ सुरू! थांबा जरा. हेच आम्ल जास्त झालं की यकृताला विषारी ठरतं. शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

यकृत कोलेस्टेरॉलपासून रोज साधारण अर्धा ग्रॅम पित्ताम्लं बनवतं. अंगातला साठा २ ते ४ ग्रॅमच. तोच दिवसातून अनेकदा आतड्यातून यकृताकडं फिरतो. ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटी परत शोषला जातो. उरलेला मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथले जिवाणू त्यातून लिथोकोलिक, डीऑक्सिकोलिक बनवतात. म्हणून साध्या सर्दीला अँटिबायोटिक खाणं मला वेडेपणा वाटतो. जिवाणू मेले की हे रूपांतर थांबतं आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या, जोरदार जुलाब लावणाऱ्या जंतूला मोकळं रान मिळतं.

दुसरी बाजूही आहे. तूप-तेल जास्त, चोथा (फायबर) कमी, असं वर्षानुवर्षं चाललं की डीऑक्सिकोलिक वाढतं. त्याचा संबंध मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी जोडला जातो. रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्शाला मी नावं ठेवणार नाही (कोल्हापुरात राहायचंय!), पण सोबत भात नको, ज्वारीची भाकरी आणि कांदा-काकडी घ्या. मिसळीला जादा कट मागता, तशी जादा उसळ मागा. कट म्हणजे तेल, पाव म्हणजे मैदा. कामाची ती मटकी.

प्रौढाला दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा हवा. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ५ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या मटकीत ४ ते ५ ग्रॅम. एकदम वाढवलात तर पोट फुगणारच, कारण जिवाणूंना सवय नसते. आठवड्याला ५ ग्रॅमच वाढवा, पाणीही वाढवा.

ऑलिव्ह तेल-लिंबाचा ‘लिव्हर डिटॉक्स’ तर करूच नका. शौचातून पडतात ते हिरवे गोळे बहुतेकदा तेलाचा साबण असतो, पित्ताचे खडे नव्हेत. उलट उपाशी राहून झपाट्यानं वजन उतरवलं की खरे खडे होऊ शकतात. पित्ताशय काढल्यावर पातळ जुलाब सुरूच राहिले तर डॉक्टरांना पित्ताम्लांचं विचारा. ती बांधून ठेवणारी कोलेस्टिरामाइनची पावडर असते. मात्र इतर गोळ्या तिच्या तासभर आधी किंवा ४ ते ६ तासांनी घ्यायच्या, नाहीतर त्याही तिच्यातच अडकतात.