झुडपे काढून झाडे लावली म्हणे

परवाच्या रविवारी सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेलो आणि तिथे जे पाहिले, त्यानंतर माझे डोके ठिकाणावर नाही. एकसारखे हिरवे टी-शर्ट घातलेली चाळीसेक माणसे, फ्लेक्स, ध्वनिक्षेपक आणि वडापावांची खोकी असा सरंजाम घेऊन कुठल्याशा संस्थेचे वृक्षारोपण चालले होते. तेवढ्यावर मी मुकाट्याने पुढे गेलो असतो, कारण जुलै लागला की टेकडीवर असल्या जत्रा भरतातच. पण 'जागा साफ' करण्याचे काम ज्याच्याकडे होते, त्या उत्साही तरुणाने माझ्या डोळ्यांदेखत कोयत्याच्या दोन घावांत एक मेडशिंगी, म्हणजे इथलेच देशी झाड, आडवी केली. गुडघ्याएवढ्या उंचीची ती मेडशिंगी मी चार वर्षे पाहत होतो. उन्हाळ्यात ती मेलीच असे वाटायचे, एकदा तर वणव्यात जळून काळीठिक्कर पडली होती, आणि तरीही पाऊस पडला की बुंध्याच्या त्याच गाठीतून तिची पोपटी पाने पुन्हा डोके वर काढायची. हे काय केलेत, असे मी ओरडून विचारले, तेव्हा तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "काका, झुडपं काढतोय. इथे झाडं लावायची आहेत ना."

आणि खड्ड्यात लावले काय, तर गुलमोहोर! मादागास्करहून आलेला, रस्त्याच्या कडेला मे महिन्यात शोभणारा, पण टेकडीवर कोणीही बोलावलेला नसलेला गुलमोहोर. बरे, त्याला संरक्षण हवे म्हणून भोवती जिवंत कुंपण करण्याचे ठरले होते आणि त्यासाठी टेम्पोतून ग्लिरिसिडियाच्या फांद्यांचा भारा आणलेला होता. जे झाड ही टेकडी आधीच गिळून बसले आहे, त्यालाच राखणदार नेमण्याची ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली, त्या डोक्याला मी मनापासून नमस्कार करतो.

हेच ते झाड, ज्याचा फोटो दर फेब्रुवारीत 'आपल्या पुण्याचा चेरी ब्लॉसम' म्हणून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो आणि ज्याच्याखाली बदामांची रांग लागते. अहो, चेरी कसली, ती उंदीरमारी आहे! मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या या झाडाच्या शास्त्रीय नावातसुद्धा उंदीर मारणेच आहे. पण आपण तिला 'गिरिपुष्प' म्हटले आणि ती एकदम काव्यात जाऊन बसली. नावांची ही लबाडी मला सर्वांत जास्त खुपते. जगातल्या सर्वाधिक उपद्रवी अशा 100 परक्या प्रजातींच्या यादीत असलेल्या झाडाच्या नावामागे 'सु' चिकटवला की त्याची सुबाभूळ होते, आणि हिवर, खैर, बोर, बारतोंडी या बिचाऱ्या देशी झाडांची मात्र सरसकट 'काटेरी झुडपे' होतात. वेड्या बाभळीला निदान लोकांनी नाव तरी खरे दिले.

कोणी म्हणेल, की हिरवेगार तर आहे, मग तुमच्या पोटात का दुखते. त्या माणसाने ग्लिरिसिडियाच्या दाट राईत एकदा शिरून दाखवावे. वर छत गच्च धरलेले, खाली फक्त तिचीच रोपे, कारण तिच्या शेंगा तडकतात आणि बी लांबवर फेकतात. कुसळी आणि मारवेल या गवतांना ऊन मिळत नाही, म्हणून गवत नाही, आणि गवत नाही म्हणून त्यातले नाकतोडे नाहीत. माळटिटवीला अंडी घालायला दाट झाडी नको असते, उघडी मुरमाड जमीन हवी असते. चंडोलाचे घरटेही जमिनीवरच, गवताच्या आडोशाला असते. बोरीच्या पानांवर अंडी घालणारे काळ्या ठिपक्यांचे ते इवलेसे पांढरे फुलपाखरू गिरिपुष्पाच्या पानाला भुलत नाही, त्याच्या अळीला बोरच लागते. उजाड माळ म्हणून ज्याची आपण कीव करतो, तिथे भरलेले घर होते आणि आपण त्यावर हिरवा पडदा टाकून मोकळे झालो. शिंजीर पक्षी ग्लिरिसिडियाच्या फुलांवर मध प्यायला येतो हे मला दिसते, पण त्याने माझा राग कमी होत नाही.

आता एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर घरातूनच कोणीतरी सांगेल. 1984 साली, आठवीत असताना, शाळेच्या सहलीबरोबर याच टेकडीच्या उतारावर मी स्वतः अशाच फांद्या खोचल्या होत्या. शेळ्या तोंड लावत नाहीत, पाणी घालावे लागत नाही, नुसती फांदी खोचली तरी फुटते, असे गुरुजींनी कौतुकाने सांगितले होते आणि माझ्या फांद्या सर्वांत सरळ रेषेत आल्या म्हणून मला प्रमाणपत्रही मिळाले होते. ते आईने फ्रेम करून ठेवले होते. रविवारी घरी येऊन मी परदेशी झाडांवर तोफ डागत असताना बायकोने ताटात ठेचा वाढला आणि विचारले, "ही मिरची कुठली हो? मेक्सिकोचीच ना?" मिरची टेकडी बळकावत नाही, असे उत्तर मला सुचले, पण तोवर ती स्वयंपाकघरात गेली होती.

मंगळवारी संध्याकाळी जाऊन मेडशिंगीच्या थोटकाभोवती दगडांचे आळे रचून आलो. घरी पोहोचतो तोच ग्रुपवर त्या वृक्षारोपणाचे फोटो येऊन पडले होते. त्यातल्या एकात हात वर करून ओरडणारा मी स्पष्ट दिसतो, आणि खाली लिहिले आहे, 'ज्येष्ठ नागरिकांचाही उत्स्फूर्त सहभाग.' मी अजून साठीचासुद्धा झालेलो नाही.