हे भोक तुमचं की आमचं?

परवा आम्ही कोथरूडचं भाड्याचं घर सोडलं आणि ७५,००० च्या डिपॉझिटमधले ११,४०० रुपये कापले गेले. कशाचे, ते विचारू नका. म्हणजे विचाराच, सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाहीये.

मालक न्यू जर्सीत. कुलमुखत्यारपत्र त्यांच्या मामांकडे, त्यामुळे घराचा ताबा घ्यायला मामा आले. मामा आयुष्यभर विम्याचे सर्व्हेअर. जळालेल्या गोदामांत आणि चेपलेल्या टेम्पोंत हयात गेली, आता निवृत्तीनंतर आमची दोन खोल्यांची भिंत त्यांच्या वाट्याला आली होती. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात एक रुपयाचं नाणं. मला वाटलं रिक्षाचे सुटे उरले असतील. पण मामांनी हॉलमधल्या पहिल्याच खिळ्याच्या भोकाशेजारी ते नाणं धरलं आणि फोटो काढला.

"आकार कळावा म्हणून," ते म्हणाले. "हे भोक तुमचं की आमचं?"

"आमचं नाही मामा. आम्ही आलो तेव्हापासून आहे."

"मग तुमचं कुठलं?"

घर सोडताना आपापली भोकं ओळखता आली पाहिजेत, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी अंदाजाने एकावर बोट ठेवलं. "हे. कॅलेंडरचं."

"जाड कॅलेंडर की पातळ?"

"बारा महिन्यांचं."

"तसं नव्हे हो. वजनाने भोक सैल होतं. हे कॅलेंडरचं वाटत नाही, इथे घड्याळ होतं."

होतं. घड्याळच होतं. मी चोरी पकडल्यासारखा गप्प झालो. तासाभरात एकूण १४ भोकं निघाली: ९ आमची, ३ आधीच्या भाडेकरूंची आणि २ वादग्रस्त. बायकोने मध्ये पडून "अहो मामा, त्यातलं एक देवघराचं आहे, ते तरी धरू नका," असं म्हणून पाहिलं. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "देवाचं अर्धं धरू."

मग आम्ही बेडरूममध्ये गेलो. खरी लढाई तिथे होती. पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे. दर पावसाळ्यात बाहेरून पाणी मुरतं, रंगाला फुगे येतात, दिवाळीपर्यंत पोपडे पडतात. मामांनी डागाशेजारी नाणं धरलं. डाग चांगला परातीएवढा, त्याच्यापुढे नाणं केविलवाणं दिसत होतं.

"हा एवढा नव्हता."

"मामा, पाणी बाहेरून येतंय. आम्ही काय आतून शिंपडतो?"

"मूळ डाग आमचा, मान्य. पण ३३ महिन्यांत वाढला तो तुमच्या ताब्यात."

जणू शिकायला ठेवलेला भाचा आम्ही खाऊ घालून लठ्ठ करून परत पाठवत होतो.

पण मी तयारीत होतो. राहायला आलो त्या दिवशीचे माझ्याकडे ६२ फोटो होते. मोठ्या तोऱ्यात मोबाइल काढला. पहिल्या फोटोत स्वयंपाकघराचा ओटा, आणि ओट्यापुढे ऊतू जाणाऱ्या दुधाकडे बघणारी बायको. दुसऱ्यात ड्राय बाल्कनी आणि तिच्यात सासूबाई. गिझरपुढे मुलगी दोन बोटं वर करून. आणि बेडरूमच्या त्या भिंतीपुढे कमरेवर हात ठेवून, घर मिळाल्याच्या आनंदात, मी.

मामांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. "यात तुम्ही दिसताय. डाग कुठाय?"

"माझ्या मागे."

"मग बाजूला व्हायचं होतं."

याला उत्तर नाही. आपल्याकडे रिकाम्या भिंतीचा फोटो कोण काढतं? फोटो वाया जातो ना!

बरं, नोंदी ठेवायचा उत्साह सरकारला नाही असंही नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यातून सुटायला लोक ११ महिन्यांचे करार करू लागले. मग १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ११ महिन्यांचा असो की कितीचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा असं सांगितलं. पळवाट बुजली, पण ११ हा आकडा काही हटला नाही. त्यामुळे तीनदा एजंट घरी आला, तीनदा मशीनवर माझा अंगठा घेतला, तीनदा वेबकॅमसमोर बसवलं. माझं वय कसं होत गेलं याची सरकारदरबारी सचित्र नोंद आहे. भिंतीची नाही. करारात भिंतीसाठी एवढंच: पंखे ४, ट्यूब ५, गिझर १, 'घर सुस्थितीत मिळाले'. सही माझी. तीनदा.

"आणि तुम्ही भाडेकरू नाही बरं का," मामांनी जाता जाता समजावलं. "लिव्ह अँड लायसन्स आहे. तुम्ही परवानाधारक." म्हणजे ३३ महिने भाडं भरून मी भाडेकरूही झालो नव्हतो.

तरी मी हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या आधी तिथे राहणाऱ्याचा नंबर माझ्याकडे होता, त्याची कुरिअरं अजून आमच्याकडे यायची. संध्याकाळी त्याला फोन केला. "पश्चिमेची भिंत ना?" तो म्हणाला. "माझे ९,००० कापले. माझ्या आधीच्याचेही कापले होते." भिंतीला मात्र आमच्या डोळ्यांदेखत ब्रश लागलेला नाही. एकच डाग तीन कुटुंबांना भाड्याने दिलेला! बाहेरून वॉटरप्रूफिंग केलं तर डाग जाईल, आणि डाग गेला तर हे उत्पन्नही जाईल. मामांवर राग नाही, ते बिचारे उन्हात जिने चढून आले होते. पण न्यू जर्सीहून 'थँक यू फॉर बीइंग लव्हली टेनंट्स' असा मेसेज आला, तेव्हा मी फोन उशीखाली घातला.

हो, एक राहिलं. किल्ल्या देताना बेडरूमच्या खिडकीत मामांचं ते नाणं दिसलं. विसरले होते. मी खिशात टाकलं.

रात्री साडेनवाला मामांचा फोन. "अहो, माझं नाणं तिथे राहिलं का हो?"

"खिडकीत ठेवलं होतंत? फोटो आहे का मामा?"