बार्टिश यांच्या नावावर काय जमा करावे?

‘जर्मन डॉक्टर गेऑर्ग बार्टिश यांनी १५८३ साली मोतीबिंदू काढण्याची शस्त्रक्रिया शोधली आणि नेत्रचिकित्सेला अंधश्रद्धेतून बाहेर काढले,’ असा मजकूर पुष्कळ फिरतो. त्यातले साल तेवढे बरोबर आहे, आणि तेही त्यांच्या ग्रंथाचे.

बार्टिश विद्यापीठात शिकलेले नव्हते. ड्रेस्डेनजवळच्या क्योनिग्सब्रुक येथे १५३५ मध्ये जन्मलेल्या या मुलाने तेराव्या वर्षी शस्त्रक्रिया करणाऱ्या न्हाव्याच्या हाताखाली उमेदवारी सुरू केली आणि पुढे गावोगाव फिरून व्यवसाय केला.

मोतीबिंदू ‘काढण्या’चा दावा तर मुळीच टिकत नाही. रोग्याला समोर बसवायचे, मदतनिसाने मागून त्याचे डोके घट्ट धरायचे आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सुई आत घालून बाहुलीआडचा गढूळ अडसर खाली लोटायचा, अशी त्यांची रीत होती. बधिरीकरणाचा तर प्रश्नच नव्हता. अशा शस्त्रक्रियेचे वर्णन सुश्रुतसंहितेत कितीतरी शतके आधी आलेले आहे. मोतीबिंदू म्हणजे गढूळ झालेले नेत्रभिंगच, हे युरोपात अठराव्या शतकाच्या आरंभी पटू लागले, आणि ते भिंग बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्सच्या झाक दाव्हिएल यांनी त्या शतकाच्या मध्यास पुढे आणली.

अंधश्रद्धेविषयी बोलायचे, तर त्यांच्या ‘ऑफ्थाल्मोदुलाया’ या ग्रंथात चेटूक हे नेत्ररोगाचे एक कारण म्हणून गांभीर्याने मांडलेले आहे. चष्म्याला मात्र या गृहस्थांचा विरोध होता. डोळ्यासमोर काही धरल्याने अधिक चांगले दिसावे, हेच त्यांना पटत नव्हते.

तरीही त्यांना भोंदू ठरवणे अन्यायाचे होईल. लॅटिनचा दबदबा असलेल्या काळात त्यांनी जर्मन भाषेत लिहिले, आणि ग्रंथाला स्वतःच्या रेखाटनांवरून कोरलेल्या लाकडी ठशांची नव्वदच्या आसपास चित्रे जोडली. त्यांतील काही चित्रांवर कागदाचे पापुद्रे एकावर एक चिकटवलेले आहेत. एकेक उचलत गेले की डोक्याची आणि डोळ्याची रचना थराथराने उलगडते. प्रेताचे विच्छेदन पाहण्याची संधी न मिळालेल्या शिकाऊ शल्यकाराला हे केवढे साहाय्य असेल! तिरळ्या मुलांसाठीचे छिद्रांचे मुखवटेही त्यात चितारलेले आहेत. आणि ‘पहिले’ हे विशेषण त्यांना द्यायचेच असेल, तर खोबणीबाहेर आलेला रोगग्रस्त डोळा वाकड्या, धारदार पात्याने समूळ काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या सचित्र वर्णनासाठी द्यावे, मोतीबिंदूसाठी नव्हे.