बारके देव बिनकामाचे नाहीत

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवायच्या खेळाचं काल्पनिक जग म्हणजे फरगॉटन रेल्म्स. त्यातले अनोळखी देव म्हणजे नुसती यादी वाढवणं, हे तुमच्या लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. त्या जगात, तिथल्याच कालगणनेनुसार १३५८ सालच्या उलथापालथीनंतर, देवाची ताकद भक्तांवर ठरते. म्हणजे विसरल्या गेलेल्या देवाचे उरलेसुरले चार भक्त मेले, तर देवही संपू शकतो! गेम मास्टरला, म्हणजे खेळातली गोष्ट चालवणाऱ्याला, याहून चांगलं कथाबीज कुठे मिळणार? आणि त्याच जगातला ड्रॅगन कल्ट तर मुळात देवाशिवायचाच पंथ. मेलेले ड्रॅगन जगावर राज्य करतील, हा पंथाचा संस्थापक जादूगार सॅमास्टरने एका भविष्यवाणीचा लावलेला अर्थ. त्यापायी माणसं जिवंत ड्रॅगनना ड्रॅकोलिच, म्हणजे मरूनही वावरणारे ड्रॅगन, व्हायला राजी करतात. अशी आंधळी निष्ठा मोठ्या देवळांच्या गोष्टींत सापडत नाही. १९७८च्या रूनक्वेस्ट या अशाच दुसऱ्या खेळाचा उल्लेखही हवा होता, तिथे पात्राची जादू, सोबती, वैरी बरंचसं पंथावरूनच ठरतं.