वाळलेलं झाड, मामा आणि रविवारचा कटरवाला

"वाळलेलं झाड म्हणजे नुसतं लाकूड. कायदा जिवंत झाडांसाठी आहे, परवानगी लागत नाही. कुऱ्हाड लागली की पक्षी आपोआप उडून जातात. अशा झाडाची वाळवी घरात शिरते. बदल्यात एक रोप लावा, विषय संपला."

हा मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. मला तो मामांनी पाठवला, खाली स्वतःची ओळ जोडून: "रविवारी कटरवाला येतोय. पार्किंगमधला गुलमोहर साफ." मामा त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, म्हणजे नुसतं फॉरवर्ड करून थांबणारे नव्हेत.

परवानगीचं आधी. महाराष्ट्रातल्या शहरांना १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणे झाड तोडायला आधी परवानगी लागते. मेसेजात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो: झाड मेलेलं असल्याचं परवानगी देणाऱ्यांचं मत झालं, तर परवानगी नाकारायची नाही असं तोच कायदा म्हणतो. पण नाकारायची नाही म्हणजे मागायचीच नाही, हे कुठून आलं? आणि झाड मेलंय हे ठरवणार कोण, सेक्रेटरी? पांगारा, काटेसावर उन्हाळ्याच्या तोंडावर पार बोडके होतात, तेही मग मेलेलेच धरायचे. नखाने साल जरा खरवडून बघा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. (मामांचा गुलमोहर खरवडला. तो खरंच गेलाय. दोन वर्षं पान नाही.)

आता ते "आपोआप उडून जातात". हे लिहिणाऱ्याने ढोली कधी आतून पाहिलेली नाही. उडून जातो तो मोठा पक्षी. अंडी उडतात का? डोळे न उघडलेली पिल्लं? गुलमोहराच्या एका वाळक्या फांदीला खालच्या अंगाने, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठं, अगदी गोल भोक आहे. ते तांबट पक्ष्याचं. तो घर कोरतो तेच मुळी वाळलेल्या, मऊ पडलेल्या लाकडात. खोडातल्या जुन्या ढोलीत पोपटाची जोडी ये-जा करते. आणि हे दिवस दोघांच्याही विणीचे. राखी धनेशाची मादी तर ढोलीचं तोंड आतून लिंपून स्वतःला कोंडून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. आत तिची पिसं गळतात. ते झाड पाडलं तर पिल्लांचं सोडा, आईलाही उडता येणार नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं. पोपट संरक्षित पक्षी आहे. म्हणजे महापालिकेची परवानगी खिशात असली तरी भरल्या ढोलीवर करवत चालवता येत नाही. मामांना मी हे एकच वाक्य फोनवर दोनदा वाचून दाखवलं.

वाळवीचं थोडक्यात: ती बहुतेक जमिनीतून येते. झाड कापून बुंधा आणि मुळं तशीच ठेवलीत तर तिचं काय अडलं?

रोपाचं म्हणाल तर बदली झाड लावणं ही परवानगीबरोबर येणारी अटच आहे, उपकार नाही. लावा जरूर, देशी लावा, पहिले काही उन्हाळे पाणी घाला. पण त्या रोपात ढोली व्हायला कित्येक वर्षं जातील. तोवर जुन्या खोडाचं काम कोण करणार?

झाड कायम ठेवा असं मी म्हणतच नाही. खाली गाड्या असतात, पोरं खेळतात, फांदी पडू शकते. गाड्या आजच हलवा, खाली दोरी बांधा. अर्ज करा. संध्याकाळी तासभर लांब उभं राहून कोणत्या भोकात कोण शिरतं ते बघा. पिल्लं उडाली की फांद्या दोर लावून तुकड्यातुकड्याने उतरवा, आणि खोड पक्कं असेल तर दीड-दोन पुरुष उंचीचं उभंच राहू द्या.

मामांनी रविवारचा माणूस पुढे ढकललाय. अर्जासाठी फोटो मागत होते. ढोलीसकट काढा म्हटलं.